अंगणातली दुसरी चूल

सालोमी, तुला माती देऊन आज सहा दिवस झाले. आज सकाळी मी तुझ्या शिलाई मशीनवरची चादर काढली. सुईखाली कुणाच्या तरी ब्लाउजची बाही तशीच अडकलेली आहे. कुणाची, ते तुलाच माहीत. प्रीती म्हणाली, बाबा, सोडवून ठेवू का? मी पोरीवर उगाच खेकसलो. अडतीस वर्षं माझं खेकसणं तू ऐकलंस, आता ते लेकीच्या वाट्याला आलंय. ती माहेरी आली ती आईला पोचवायला, आणि बाप असा.

पाळकसाहेब तुझ्याबद्दल चांगलं बोलले. आल्यागेल्या परक्या माणसाला या बहिणीनं कधी विन्मुख पाठवलं नाही, म्हणाले. सगळ्यांनी माना हलवल्या. मी मान खाली घालून बसलो होतो. लोकांना वाटलं, म्हातारा दुःखानं खचलाय. खचलो होतोच, पण मनात दुसरंच चाललं होतं. या आल्यागेल्यांवरून तुझ्याशी जन्मभर कोण भांडलं, हे पाळकसाहेबांना ठाऊक नव्हतं. ते भांडण अर्ध्यावर टाकून तू निघून गेलीस. तेव्हा हे मी लिहितोय त्याला श्रद्धांजली वगैरे समजू नकोस. मी अजून तुझ्याशी भांडतोच आहे, फक्त आज हरायला बसलोय.

शेलूबाजारच्या फाट्यावर, रस्त्याला लागून घर घ्यायचं तूच ठरवलंस. मी आत गावात बघत होतो. मी एसटीत कंडक्टर; दिवसभर माणसं बघून बघून डोकं उठायचं. घरी आल्यावर माणूस दिसू नये एवढीच माझी इच्छा. आणि तू मशीन मांडलंस ते नेमकं ओसरीवर, रस्त्याकडे तोंड करून. पायाखाली पायडल चालू, डोळे फाट्यावर. मी आत खाटेवर पडलेला असायचो आणि मशीनचा आवाज थांबला की समजायचो, आला कुणीतरी. मग तांब्याचा आवाज. मग तुझं ते, "बसा जी, पानी घ्या." झालं, आता माझी खाट जाणार.

आपल्या भागात परक्या माणसाला पहिलं काय विचारतात? कोणत्या गावचे, आणि आडनाव काय. आडनाव कळलं की पुढचं सगळं आपोआप ठरतं, त्याला कुठं बसवायचं, कशात पाणी द्यायचं. तुझा नियम उलटा होता. पाणी आणि भाकर पोटात गेल्याशिवाय नाव विचारायचं नाही. पुष्कळदा तर विचारायचं राहूनच जायचं. मी चिडून म्हणायचो, "कोन होता थो? नाव तरी इचारलं काय?"

"तुमी बसमंदी आडनाव इचारून तिकीट फाडता काय?"

"बसमंदला मानूस उतरून जाते. तुहा मानूस जेवून, झोपून, सकायचा चहा पिऊन जाते."

"मंग चहात साखर जास्त टाकत जाईन. लवकर उठन."

तू हसायचीस आणि मी आणखी चिडायचो. दाढदुखीनं गाल सुजलेला तो ट्रकवाला आठवतो? त्याची भाषा तुला कळेना, तुझी त्याला. तुम्ही दोघं खुणांनी बोलत होतात. तू त्याला लवंग दिलीस, मऊ भात कालवून दिलास, आणि तो माझ्या खाटेवर दुपारभर घोरला. मी ड्यूटीवरून आलो तर माझ्याच घरात मला पायरीवर बसायची वेळ. आणि तो एक माझ्या नव्या चपला घालून गेलेला? मी तुला चार दिवस बोलत होतो. तू फक्त एवढंच म्हणालीस, "थो अनवानी आलता, तुमाले दिसलं नाही काय?" मला दिसलं नव्हतं. खरं सांगतो, मला कुणाच्या पायाकडे बघायची सवयच नव्हती.

पण चपला गेल्या, खाट गेली, ते मी गिळलं. चुलीचं मात्र मला कधी गिळता आलं नाही.

त्या चुलीची सुरुवात मला लख्ख आठवते. एक म्हातारबुवा वाशिमची गाडी चुकली म्हणून ओसरीवर टेकले. उन्हाचा कडाका होता, चेहरा काळवंडला होता. तू पाणी पुढे केलंस. त्यांनी आधी भिंतीवरचा क्रूस पाहिला, मग आपल्या दोघांकडे, आणि हात जोडून म्हणाले, "बाई, राग मानू नका. आमाले चालत नाही." म्हणजे आपल्या हातचं चालत नाही. आपल्या आजोबांनी येशूचं नाव घेतलं तरी गावानं आपलं जुनं नाव काही पुसलं नव्हतं, ते मला ठाऊक होतं. पण माझ्या दारात, माझ्या पायरीवर बसून, माझ्या बायकोला कुणी हे सांगावं? मी उठलोच होतो. तू मला डोळ्यांनी बसवलंस. आत गेलीस, पीठ, डाळ, मीठ, दोन मिरच्या सुपात घेऊन आलीस. न वापरलेलं भगोनं आणलंस. समोरची हापशी दाखवलीस आणि म्हणालीस, "पानी तुमीच आना, बाबाजी. हे तीन दगड मांडून देते. तुमच्या हातानं करून खा."

म्हातारबुवांनी करून खाल्लं. जाताना डोळे पुसत गेले. आणि आठ दिवसांत तू त्या तीन दगडांची पक्की मातीची चूल केलीस. रस्त्याच्या बाजूनं वाऱ्याला आडोसा म्हणून पत्रा लावलास. शेजारी तुराट्यांची मोळी. ज्यांना आपलं चालत नाही, त्यांच्यासाठी आपल्याच अंगणात खास सोय.

त्या दिवसापासून आपलं भांडण सुरू झालं. मी म्हणायचो, जो आपल्याला कमी समजतो त्याच्यासाठी तू चूल सारवून ठेवतेस, हा आपला अपमान आपणच मांडून ठेवलाय. तू म्हणायचीस, "त्याची रीत त्याच्यापाशी. भूक त मा दारात आली न." मी म्हणायचो, तुला मान नाही का? तू म्हणायचीस, भाकरीच्या वेळी मान कोण शोधतं. मी दार आपटायचो. तू शिवायला बसायचीस. वर्षं गेली, मी रिटायर झालो, तरी ते भांडण तिथंच.

आणि मग यमुनाबाई. तिच्यावर तर माझा खास राग होता. तिकडे आत कुठल्या तरी गावाहून दर बाजाराला जीपनं यायची, भाजीचं टोपलं घेऊन. मेथी-सांबाराच्या जुड्या, वांगी. तिच्या घरचा मळा आहे, माणसं तालेवार. माल विकला की परतीची जीप भरेपर्यंत तास-दीड तास आपल्या अंगणात. आली की आधी चूल पेटवायची. पत्र्यावरून धूर वर आला की मी खिडकी लावून घ्यायचो. तू आतून ताट घेऊन जायचीस, वर फडकं टाकलेलं. मला वाटायचं, पीठ नेतेय. दहा-बारा वर्षं दर आठवड्याला. एक बाई माझ्या बायकोच्या दारात बसून, माझ्या बायकोच्या पिठाची भाकर स्वतः थापून खाते, कारण माझ्या बायकोचे हात तिला चालत नाहीत. मी त्या पत्र्यापलीकडे एकदाही गेलो नाही. बघायची इच्छाच नव्हती.

या नाताळला तू करंज्या केल्यास. दम लागत होता तुला तेव्हाच. दोन लाटल्या की बसायचीस. डॉक्टरांनी सांगितलं होतं, वजन उचलायचं नाही, दगदग नाही. तरी केल्यास. त्या आठवड्यात बाजाराच्या दिवशी यमुनाबाईला पाच करंज्या कागदात बांधून दिल्यास. मी म्हटलं, कशाला देतेस, ती काय खाणार आहे? संध्याकाळी तू कुणाच्या घरी प्रार्थनेला गेलीस. मी अंगणात आलो आणि चुलीशेजारी तो कागद दिसला. उघडलेला. पाचच्या पाच करंज्या तशाच. मुंग्या लागल्या होत्या.

सालोमी, तुझे ते दमून थांबलेले हात माझ्या डोळ्यांसमोर आले. मी फावडं घेतलं आणि चूल फोडली. एका घावात नाही फुटली, चांगली मळलेली होती. चार-पाच घातले. मग मलाच धाप लागली.

तू आलीस आणि मातीच्या ढेकळांकडे बघत उभी राहिलीस. मी म्हटलं, "मोकाट गाय घुसली होती."

तू म्हणालीस, "हो काय."

एवढंच. सकाळी फावडं कोपऱ्यात स्वच्छ धुऊन ठेवलेलं दिसलं. मला वाटलं, रागाच्या भरात मीच धुतलं असेल.

चार दिवसांनी तू नाल्याकडची माती आणायला सुरुवात केलीस. घमेलं अर्धंच भरायचीस. अर्धं घमेलं, पंचवीस पावलं, मग फाटकाला धरून उभी. मी ओसरीवर पेपर वाचत होतो. पेपर नव्हतो वाचत. त्याच्या वरून तुला बघत होतो आणि मनात म्हणत होतो, कर, कर, तुझे ते मानकरी येतील ना. एकदा तू माझ्याकडे पाहिलंस. मला वाटतं, तुला वाटत होतं मी उठेन. मी पान उलटलं.

ते पान मी आता रोज उलटतो. डॉक्टर म्हणतात, तसं नसतं, हृदय आधीच थकलेलं होतं. प्रीतीही म्हणते. त्यांनी ती घमेली पाहिलेली नाहीत. तीन महिन्यांनी सकाळी दहाच्या सुमाराला मी आत पडलो होतो आणि मशीनचा आवाज थांबला. मी समजलो, आला कुणीतरी. वाट बघत राहिलो की आता तांब्या वाजेल. वाजला नाही म्हणून बाहेर आलो, तर तू मशीनवर डोकं टेकवून होतीस. किती वेळ मी नुसता पडून होतो ते मला माहीत नाही.

काल बाजार होता.

दुःखाच्या घरात चूल पेटत नाही, शेजारपाजारचे डबे येतात. आपल्या मंडळीतल्या लोकांनी पाच दिवस डबे दिले, मी कसेबसे दोन घास खायचो. काल दुपारी ओसरीवर चार-सहा माणसं भेटायला आलेली होती, आणि पत्र्यावरून धूर वर आला. माझं डोकंच सणकलं. आजसुद्धा? मी काही बोलणार तोच यमुनाबाई पत्र्यामागून बाहेर आली. हातात ताट, ताटात भाकर आणि बेसन. सरळ ओसरीवर आली आणि ताट माझ्यापुढे ठेवलं.

"जेवा जी, दादा. प्रीतीबाई म्हने, तुमी काई खाल्लं नाही."

मी ताट सरकवलं. मोठ्यानं बोललो, सगळ्यांदेखत. "मा बायकोच्या हातचं तुमाले चाललं नाही. मंग तुमच्या हातचं मी कायले खाऊ?"

प्रीती म्हणाली, बाबा. यमुनाबाई खालीच बसली. रस्त्यावर तिची जीप उभी होती, तिच्या गावच्या बायका आत बसल्या होत्या, तिची जाऊही होती. त्यांच्याकडे एकदा बघून ती बोलायला लागली. आधी हळू, मग चांगलं मोठ्यानं.

"चाललं नाही कसं, दादा? बारा वर्सं मी तिच्याच हातचं खाल्लं. पहिल्यांदी आली तवा चक्कर येऊन पडली होती, पहाटपासून भाजी खुडेल, पोटात काई नाही. तिनं मांडीवर डोस्कं घेतलं अन् भाकर चारली. मंग मलेच भेव लागलं. जीपवाल्याईनं पाह्यलं असतं, सासूले समजलं असतं, त मा बाजार बंद झाला असता. तेवढंच त होतं मले घराबाहीर. तवा तीच म्हने, तू चूल पेटव, पान्याचं भगोनं ठेव, धूर दिसू दे लोकाईले. भाकर मी फडक्याखाली आनते. म्या कधी एक भाकर नाही थापली तिथं, दादा. आजच थापली."

मी विचारलं, "अन् करंज्या?"

"त्या दिशी जाऊ संग होती. पत्र्यामागं येऊन बसली. हात नाही लावता आला मले. जीपमंदी तोंडाले पदर लावून बसली होती मी."

मग तिनं प्रीतीला विचारलं, घरात आईच्या हातचं काही उरलंय का. प्रीतीनं तुझ्या लिंबाच्या लोणच्याची बरणी आणली. मी ठेवणीतली म्हणून झाकून ठेवलेली ती. यमुनाबाईनं ताटातली भाकर मोडली, लोणच्याची फोड घेतली आणि ओसरीच्या काठावर, रस्त्याकडे तोंड करून खाऊ लागली. जीपनं हॉर्न दिला. तिची जाऊ खाली उतरून बघत उभी राहिली. यमुनाबाईनं सावकाश खाल्लं, बोटं चाटली. तिच्या डोळ्यांचं पाणी ताटात पडत होतं, ती पुसत नव्हती. घरी गेल्यावर तिचं काय झालं असेल, मला माहीत नाही. पुढच्या बाजाराला ती दिसेपर्यंत मला चैन पडायचं नाही.

दुसरी अर्धी भाकर मी खाल्ली. तुझ्या लोणच्यासोबत. पाच दिवसांत पहिल्यांदा पोटाला भूक लागलेली कळली.

तू मला का सांगितलं नाहीस? बारा वर्षं मी त्या बाईला शिव्या घातल्या, तुला नाही नाही ते बोललो. एका वाक्याचं काम होतं. पण मला ठाऊक आहे तू का सांगितलं नाहीस. मी रागात चार लोकांत बोलून गेलो असतो आणि तिचा बाजार बंद झाला असता. तू तिचं झाकलंस आणि माझं ऐकून घेतलंस. परक्या बाईला जपताना घरच्या माणसाचा राग तू बारा वर्षं अंगावर घेतलास. याबद्दल मी तुझ्यावर रागवावं की तुझे पाय धरावे, मला कळत नाही. दोन्हीला तू नाहीस.

यमुनाबाई निघाली तेव्हा मी तिच्यासोबत फाटकापर्यंत गेलो. चुलीपाशी थांबलो. म्हटलं, हे तरी एका माणसाला सांगून टाकू.

"यमुनाबाई, ही चूल गाईनं नाही फोडली. मी फोडली."

ती म्हणाली, "मले माईत हाय, दादा. तिलेबी माईत होतं."

मी चुलीवरची नजर काढून तिच्याकडे पाहिलं.

"फावड्याले माती लागेल होती, ते तिनंच धुतलं. मले म्हने, गाईले काई बोलू नको, यमुने. तिले कुठंतरी दुखत असन."

जीप गेली. मी तिथंच चुलीच्या काठावर बसलो. राख अजून ऊन होती.

दुखत होतं, सालोमी. लोक तुझ्या हातचं खात नाहीत, हे मला दुखत होतं. तुझ्या हातचं रोज खाऊनही मी तुला एवढं कधी सांगितलं नाही.